बंदुका थांबल्या, माळ हरवला

१८०९ ते १८२९ या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने अहमदनगरच्या परिसरात ९६१ माळढोक मारले. पक्ष्यांवरच्या लिखाणात ही नोंद वारंवार येते आणि प्रत्येक वेळी वाचणारा क्षणभर थबकतो. हिशेब वर्षाला सरासरी ४८ पक्ष्यांचा होतो. २०१८च्या सुमारास देशभरात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरल्याचा अंदाज होता. म्हणजे एकट्या माणसाने आपल्या जिल्ह्याच्या आसपास जेवढे टिपले, त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकेही आज सबंध भारतात नाहीत.

या आकड्याची दुसरी बाजू सहसा बोलली जात नाही. माळढोकाची मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, आडोशाशिवाय. सुमारे महिनाभर ती एकटीच ते उबवते. अंडे कोल्ह्याच्या तोंडी पडले किंवा गुरांच्या पायाखाली आले, तर ते वर्ष वाया जाते. इतक्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्यातून एकाच शिकाऱ्याला वीस वर्षे सतत शिकार मिळत राहिली, तेव्हा भोवतालचा माळ किती भरलेला असेल! शिकारीची ती नोंद अपराधाची तशीच त्या माळाच्या श्रीमंतीचीही साक्ष आहे. नगर जिल्ह्याने पक्षी गमावला हे आपल्याला कळते, पण त्याला पोसणारी जमीन कशी गमावली, याचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही.

पावसाचा हंगाम, शिकारीचा हंगाम

वन्यप्राण्याची शिकार बहुतेक ठिकाणी ऋतूला बांधलेली असते. उत्तर अमेरिकेच्या डोंगरांत वसंतात अस्वलांची शिकार चालते. हिवाळाभर गुहेत झोपलेली अस्वले भुकेली बाहेर पडतात, उरलेल्या बर्फावर त्यांचे ताजे माग उमटतात आणि शिकारी त्यावरून चालतो. हिवाळा लवकर सरला, बर्फ आधीच वितळले, की मागही नाही आणि बर्फावरची वाटही नाही. या शिकारीत एक क्रूर मेख आहे. वसंतात मारलेली मादी अनेकदा लेकुरवाळी असते. तिची पिल्ले पोरकी होतात, या कारणाने मोठे आंदोलन झाले आणि कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने १९९९ साली वसंतातली शिकार बंद केली. पुढे ती पुन्हा सुरू झाली, हेही खरे.

आपल्याकडे बर्फाची जागा पावसाने घेतली. पहिल्या सरींनंतर माळावर गवत फुटते, नाकतोडे आणि भुंगेरे वाढतात आणि माळढोकाचा नर जोडीदारीण मिळवायला उंचवट्यावर उभा राहतो. पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी गळ्याची पांढरी पिशवी फुगवून खोल, घुमणारा आवाज काढतो. तो अर्ध्या किलोमीटरवरून ऐकू येतो. मादीला बोलावणारी ही हाक बंदूकवाल्यालाही पोहोचते. माळढोकाच्याच कुळातल्या तणमोराचे तर याहून वाईट झाले. गवताच्या वर दिसावे म्हणून त्याचा नर पावसाळ्यात दिवसाला शेकडो वेळा उंच उडी घेतो, आणि नेम धरणाऱ्याला तेवढे पुरे असते. दोन्ही पक्ष्यांचा विणीचा काळ आणि मारले जाण्याचा काळ एकच ठरला. वंश वाढायच्या ऐन वेळीच वंश कापला गेला.

एकाचा छंद, दुसऱ्याचा गुन्हा

१८०३ साली आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पुढे शहराजवळ लष्कराची छावणी वसली आणि तिच्या भोवतीची काळविटांची, माळढोकांची, तितरांची माळराने अधिकाऱ्यांना मोकळी शिकारभूमी झाली.

त्याच माळावर पारधीही शिकार करत होते. फासेपारधी घोड्याच्या केसांच्या किंवा तातीच्या फाशांनी हरणे आणि तितर धरत. शिकवलेल्या बैलाच्या आडून सावजाजवळ सरकणे, तितराची हुबेहूब साद घालणे, गवताच्या वाकण्यावरून जनावराची दिशा ओळखणे ही त्यांची विद्या. ते पोटापुरते धरत आणि जवळच्या बाजारात विकत. त्यांनी माळ रिकामा केला, असे म्हणायला जागा नाही. तरी १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा पुढे मुंबई इलाख्यात लागू झाला आणि पारधी जन्मानेच गुन्हेगार ठरले. साहेबाची नोंद ग्रंथांत गेली, पारध्याचे नाव पोलीस ठाण्याच्या हजेरीपटावर चढले. १९५२ साली तो शिक्का पुसला गेला, पण श्रीगोंदा, कर्जत, पारनेरच्या पारधी वस्त्या त्याचे ओझे आजही वाहतात. माळ कोणाकडून शिकावा असे आज कोणी विचारले, तर पहिले उत्तर तिथेच सापडेल.

कायदा आला आणि नकाशा आला

स्वातंत्र्यानंतर जीप आली, प्रखर दिवे आले आणि रात्रीची शिकार सोपी झाली. १९५१च्या मुंबई राज्याच्या कायद्याने काही बंधने घातली होती, पण खरा आधार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिळाला. माळढोक पहिल्या अनुसूचीत गेला. त्याच वर्षी, भीषण दुष्काळाच्या काळात, सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक आहेत, याकडे बी. एस. कुलकर्णी यांनी लक्ष वेधले. त्यांच्या चिकाटीतून १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते, आणि त्यात सोलापूरबरोबर नगर जिल्ह्यातल्या कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासा तालुक्यांचे भागही आले.

एवढ्या विस्तारात गावे होती, शेते होती, बाजारपेठा होत्या. वनखात्याच्या हातातली कुरणे मात्र तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली होती. शेतकऱ्याला विहीर, रस्ता, जमिनीची खरेदी-विक्री अशा साध्या गोष्टींतही अडचणी येऊ लागल्या. माळढोक पाहिलेला माणूस विरळा, पण त्याच्यामुळे अडलेले काम प्रत्येकाला माहीत, अशी स्थिती झाली. पक्ष्याबद्दल चीड निर्माण झाली आणि शेवटी क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. शेतकऱ्यांचा राग खरा होता. चूक नकाशाच्या आखणीत होती: पक्ष्याला लागणारे गवत कुठे आहे हे पाहण्याआधी तालुक्यांच्या सीमा रंगवल्या गेल्या.

छोट्या प्रमाणावर चांगले काम झाले ते कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला. १९८० साली जाहीर झालेले हे काळवीट अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे आहे. तिथे काळवीट टिकले, वाढले आणि बाहेरच्या शेतांतही पसरले. हरणाला तेवढे चालते. माळढोक मात्र मोठ्या पसाऱ्यात हिंडणारा पक्षी आहे, त्याला एकमेकांशी जोडलेले माळ लागतात.

पाणी आले

हा भाग लिहिताना हात जड होतो, कारण यात खलनायक कोणी नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१च्या सुमारास उभा राहिला आणि सहकाराचा नवा इतिहास घडला. मुळा, घोड आणि कुकडीच्या कालव्यांनी दक्षिणेच्या दुष्काळी तालुक्यांपर्यंत पाणी नेले. ज्या घरात ज्वारीचे एक पोतेही पुरत नसे, त्या घरातली मुले कॉलेजात गेली. त्या पाण्याला नावे ठेवणे म्हणजे कृतघ्नपणा होईल.

पण जिरायत गेले आणि बागायत आले, तेव्हा माळाचे रूप बदलले. रब्बी ज्वारी निघाल्यावरचे मोकळे रान, हरभऱ्याचे वावर, मधले पडीक बांध, बोरीची झुडपे हे सारे माळढोकाला चालत होते. उंच उसात त्याला ना दूरचे दिसते, ना धावता येते. जे माळ उरले त्यांना महसुली कागदावर पड म्हटले गेले. मग पडीक जमीन उपयोगात आणायची म्हणून तिच्यावर गिरिपुष्प आणि सुबाभळीची लागवड झाली. झाडे लावणे पुण्याचे काम, यावर आपली इतकी श्रद्धा की पवन्या, कुसळी आणि मारवेल यांचे कुरणही एक समृद्ध परिसंस्था आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांचे घर झाडांच्या सावलीत मोडले. पुढे पारनेर तालुक्याच्या पठारांवर पवनचक्क्या फिरू लागल्या, विजेच्या तारा वाढल्या. माळढोकाला उडताना समोरचे नीट दिसत नाही, वजनामुळे ऐनवेळी वळताही येत नाही, म्हणून राजस्थानात उच्चदाबाच्या तारा त्याच्या मृत्यूचे मोठे कारण ठरल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला, तो २०२४ साली सौम्य केला.

आता पाऊसही पूर्वीसारखा राहिलेला नाही. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या. पाऊस लांबून गवत उशिरा फुटले, की किडे उशिरा येतात. आणि उघड्या जमिनीवरच्या एकुलत्या अंड्यावर एका रात्रीत धो-धो पाऊस कोसळला, तर त्याला वाचवणारे काही नाही. बंदुकीने मारलेल्या पक्ष्याची निदान मोजणी होत होती. न उबलेल्या अंड्याची वही कोण ठेवणार?

परत आणण्याचे प्रयत्न

इंग्लंडमध्ये आपल्या माळढोकाच्या नात्यातल्या मोठ्या माळढोकाची शेवटची वीण १८३२ साली झाली. २००४ पासून रशियातून पिल्ले आणून सॉल्सबरीच्या माळावर त्याला पुन्हा वसवले गेले. तो माळ ब्रिटिश सैन्याच्या सरावाचा आहे, म्हणून नांगराखाली गेला नव्हता. राजस्थानातही पोखरणच्या गोळीबार मैदानात माळढोक टिकून आहेत. जैसलमेरजवळ सम येथे बंदिस्त प्रजनन सुरू आहे आणि २०२४ साली कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. ही आनंदाची बातमी आहे. पण पिल्लू वाढले की त्याला सोडायला माळ हवा. महाराष्ट्रात तो कुठे आहे? नान्नजला अलीकडच्या वर्षांत एखाददुसराच पक्षी दिसत असल्याच्या नोंदी आहेत.

उत्तराची एक बाजू नगरजवळच्या हिवरे बाजारने दाखवली आहे. १९९०च्या सुमारास पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. गवत विळ्याने कापून न्यायचे ठरले, डोंगर हिरवे झाले, चारा वाढला आणि दूधही वाढले. तिथे माळढोक आणायचा विचार कोणी केला नव्हता. तरीही गवताला उत्पन्न देणारी वस्तू मानले की गाव ते राखते, हे सिद्ध झाले. पुणे वनविभागानेही इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीजवळ शिर्सुफळ येथे माळरान सफारी सुरू केली आहे. लांडगा आणि चिंकारा पाहायला लोक पैसे मोजतात.

नगर जिल्ह्याने यापुढे तीन गोष्टी करायला हव्यात. महसुली दप्तरात गायरान आणि गवताळ जमीन यांना पडीक शब्दाखाली दडपणे थांबवावे. जिथे खरोखर गवत आहे, तिथे वृक्षारोपणाचे उद्दिष्ट पूर्ण करू नये. आणि चराईचे वेळापत्रक धनगर व पारधी यांच्याशी बसून ठरवावे, कारण जमीन किती दिवस विश्रांतीला ठेवावी हे मेंढपाळाला कळते आणि माळावर काय चालले आहे हे पारध्याला. ज्या अहिल्याबाईंचे नाव घेऊन हा जिल्हा अहिल्यानगर झाला, त्या जामखेडजवळच्या चौंडीच्या, धनगर घरातल्या. मेंढरांमागे चालणाऱ्या त्या समाजाचे जगणे गवतावरच उभे आहे. नाव बदलण्याला अर्थ यायचा असेल, तर त्या गवतालाही सन्मान मिळाला पाहिजे.

माळढोक आपल्या हयातीत परतेल का, हे आज सांगता येत नाही. माळ राखता येतो, हे मात्र सांगता येते, कारण गावांनी ते करून दाखवले आहे. आणि माळ राखणे हे केवळ एका पक्ष्यासाठी नाही. पावसाचे पाणी मुळांशी धरून ठेवणारे आणि गुराढोरांना चारा देणारे गवत हे या जिल्ह्याच्या कोरडवाहू माणसाचेही पहिले विमा-संरक्षण आहे.