नव्या घराभोवतीची घट्ट जमीन

नवे घर बांधून झाले, वास्तुशांत आटोपली, की घरच्या मंडळींचे लक्ष अंगणाकडे वळते. चार फुलझाडे, एखादे लिंबाचे झाड, आळूचा वाफा हवासा वाटतो. परंतु कुदळ मारावी तो ती उसळते, आणि कसाबसा खड्डा खणून लावलेले रोप पुढचा उन्हाळा पाहत नाही. शाळेच्या नव्या इमारतीभोवती किंवा घरकुलांच्या वसाहतीत वृक्षारोपणाचे हेच होते. दोष बहुधा पाण्याच्या टंचाईला अथवा निगा राखणाऱ्याला दिला जातो. खरे कारण मात्र पायाखालीच असते.

सुपीक जमिनीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ असतो. या पोकळीत हवा व पाणी यांचा वास असतो आणि त्यांतूनच मुळे वाट काढतात. बांधकामाच्या काळात विटा-वाळूचे ट्रक, काँक्रीटचे यंत्र आणि गवंड्यांचा वावर यांमुळे ही पोकळी चेपली जाते. ओल्या मातीवरून जड वाहनाची एक फेरी झाली तरी बरेचसे नुकसान होऊन जाते. एक घनसेंटीमीटर कोरड्या काळ्या मातीचे वजन दीड ग्रॅमच्या आसपास पोहोचले, की मुळांची वाढ जवळजवळ थांबते. भरीस भर म्हणून पायाच्या खोदाईतील तळची निकस माती व मुरूम वर पसरलेला असतो, मूळची कसदार माती त्याखाली गाडली गेलेली असते, आणि त्यात चुना, सिमेंट व विटांचे तुकडे मिसळलेले असतात. पायाखाली मुरूम भरून धुम्मस करणे योग्यच आहे, कारण काळी माती ओलीने फुगते व वाळली की भेगाळते. तोच न्याय अंगणाला लावण्याचे मात्र कारण नाही.

अशा जमिनीत खणलेला खड्डा म्हणजे मातीत पुरलेली कुंडीच होय. पावसाळ्यात त्यात पाणी साचून मुळे कुजतात. उन्हाळ्यात मुळे खड्ड्याच्या भिंतीपाशीच घुटमळतात आणि रोप वाळते. यास्तव रोपे आणण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. एक फूट खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, पाणी जिरू द्यावे आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या खेपेस पाण्याची पातळी तासाला एक इंचही उतरली नाही, तर जमीन फोडणे अगत्याचे आहे असे समजावे.

जमीन फोडण्याची वेळ साधणे हेच यातील मर्म होय. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ती स्थिती येईपर्यंत थांबावे. मूठभर मातीचा गोळा करून अंगठ्याने दाबावा. तो भुगा होऊन पडला तर काम सुरू करावे, चिखलासारखा चेपला तर आणखी थांबावे. काळी माती ओली असताना खणल्यास ती अधिकच घट्ट होऊन ढेकळे दगडासारखी बनतात. जमीन ठणठणीत कोरडी असल्यास आधी हलके पाणी देऊन दोन-चार दिवस वाट पाहावी.

प्रथम सिमेंट-विटांचे तुकडे वेचून काढावेत. नंतर एक फूट रुंदीचा चर घेऊन वरची माती बाजूस ठेवावी आणि चराचा तळ पहारीने किंवा टिकावाने मोकळा करावा. तळची माती वर आणू नये. तळात कुजलेले शेणखत मिसळावे आणि शेजारच्या दुसऱ्या चराची वरची माती या चरात भरावी. याच क्रमाने पुढे सरकावे. अखेरीस वरच्या थरात दोन इंच जाडीचे शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे. २५ चौरस मीटर अंगणासाठी ते सुमारे सव्वा घनमीटर लागते. काम कष्टाचे खरे, पण ते एकदाच करावयाचे असते. पायाला लागून मात्र खणू नये व पाणीही देऊ नये.

चिकण माती मोकळी व्हावी म्हणून तीत थोडी वाळू घालण्याची पद्धत रूढ आहे. ती निरुपयोगी, किंबहुना अपायकारक आहे. थोड्या वाळूने माती विटेसारखी घट्ट होते, आणि पुरेशी वाळू घालावयाची तर मातीइतकीच वाळू लागेल. जिप्समचा गुण येतो तो चोपण जमिनीत. नुसत्या दाबलेल्या जमिनीत त्यावर खर्च करू नये.

ज्यांना इतकी खोदाई शक्य नाही, त्यांनी वरचा थर हलवून जूनमध्ये ताग किंवा धैंचा पेरावा. दर चौरस मीटरला ५ ते ६ ग्रॅम बी पुरते. दीड महिन्याने, फुलोऱ्यापूर्वी, पीक कापून मातीत गाडावे. त्याची मुळे कुजून पाण्यासाठी वाटा तयार होतात, आणि पुढे गांडुळे त्या राखतात. एका पावसाळ्यात सर्व काही साधेल अशी अपेक्षा नको. दोन-तीन वर्षे हा क्रम चालवावा. मोकळी झालेली जमीन पुन्हा तुडवली जाऊ नये, म्हणून वाफे चार फुटांहून रुंद करू नयेत, पायवाटा आखाव्यात आणि वाफ्यांवर पालापाचोळा पसरावा.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने यातील स्वस्त उपाय बांधकामापूर्वीचा आहे. जागेवरील वरची अर्धा फूट माती आधी काढून एका कोपऱ्यात ढीग करून ठेवावी, वाहनांचा एकच रस्ता ठरवावा आणि राडारोडा अंगणात न गाडता उचलून नेण्याची अट कंत्राटदाराच्या करारातच घालावी. शाळेच्या नव्या खोल्यांचे काम निघेल तेव्हा मुख्याध्यापकांनी ही मागणी पहिल्याच बैठकीत मांडावी. जोत्याचे काम सुरू झाल्यावर ती कोणी ऐकत नाही.