काठावरचे गुरुजी

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन हे शहर पोटोमॅक नदीच्या काठी वसले आहे. शहराच्या सभोवती व्हर्जिनिया व मेरिलँड ह्या राज्यांची उपनगरे पसरली आहेत. तेथील अनेक वस्त्यांनी आपापसांत वर्गणी काढून पोहण्याचे तलाव बांधले आहेत. तेथला हिवाळा कडक असल्यामुळे उघड्यावरचे हे तलाव वर्षातील बहुतेक महिने बंदच असतात. मे महिन्याच्या अखेरीस ते उघडतात आणि सप्टेंबरच्या आरंभी पुन्हा बंद होतात. एवढ्या थोड्या अवधीत वस्तीतील मुलांचा एक संघ उभा राहतो, शेजारच्या वस्त्यांशी शर्यती लढवतो आणि ऑगस्ट उजाडता उजाडता विसर्जनही पावतो. उत्तर व्हर्जिनियात अशा संघांचे मंडळ १९५६ साली स्थापन झाले. आज त्यात शंभराच्या आसपास संघ आहेत.

ह्या संघांना शिकवणारे शिक्षक पाहून आपल्याला प्रथम नवल वाटेल. पांढऱ्या केसांचा, करारी मुद्रेचा कोणी वस्ताद तेथे क्वचितच आढळतो. बहुधा ते महाविद्यालयात शिकणारे अठरा-वीस वर्षांचे तरुण-तरुणी असतात, आणि त्यांपैकी पुष्कळजण लहानपणी त्याच तलावात पोहायला शिकलेले असतात. गळ्यात शिट्टी, एका हातात वेळ मोजण्याचे घड्याळ आणि दुसऱ्या हातात नावांची यादी अडकवलेली फळी, असा त्यांचा थाट असतो.

सकाळची वेळ असते. जूनच्या आरंभी पाणी अद्याप गार असते. सहा-सात वर्षांची मुले अंगाभोवती पंचे गुंडाळून काठावर कुडकुडत उभी राहतात. त्यांना पाण्यात उतरवणे हेच गुरुजींचे पहिले काम, आणि कदाचित सर्वांत अवघडही तेच.

आपल्याकडे खेड्यांतून हे काम विहिरीवर चालत आले आहे. परीक्षा संपल्या, की घरातील काका किंवा आळीतला एखादा जाणता पोहणारा मुलांना विहिरीवर नेतो. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधतो, कमरेला दोर अडकवतो आणि मूल रडत असतानाच त्याला पाण्यात ढकलून देतो! ह्या रीतीने कित्येक पट्टीचे पोहणारे तयार झाले, हे खरे. परंतु त्याच एका धक्क्याने कित्येकांनी पाण्याची जन्मभर धास्ती घेतली, हेही तितकेच खरे. त्यांची मोजदाद मात्र कोणी ठेवली नाही.

तलावावरील गुरुजी ढकलत नाहीत. ते स्वतः पाण्यात उतरतात आणि मुलाला तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायला सांगतात. वरवर पाहता हा पोरखेळ वाटतो, पण पोहण्याची सारी विद्या त्यातच साठवलेली आहे. छाती भरून श्वास घेतला, म्हणजे बहुतेक माणसांचे शरीर पाण्यापेक्षा किंचित हलके होते आणि ते आपोआप तरंगते. घाबरलेले मूल मात्र डोके पाण्याबाहेर काढू पाहते. डोके काही थोडे जड नसते. ते वर आले, की त्याला पाण्याचा आधार राहत नाही, आणि त्याचा भार सोसण्यासाठी बाकीचे शरीर खाली जाते. पाय बुडू लागले, की मूल अधिक घाबरते आणि डोके आणखी उंचावते. हे चक्र तोडायचे, तर तोंड पाण्यात ठेवण्याची भीती आधी गेली पाहिजे. श्वास पाण्यात सोडावा आणि मान केवळ कुशीवर वळवून तोंडाने आत घ्यावा, एवढे साधले, की हातापायांची गती शिकवणे सोपे होते.

सरावाच्या वेळी गुरुजी काठावरून चालत असतात. पोहणाऱ्याचे कान पाण्यात असल्याने लांबलचक उपदेश व्यर्थ जातो. म्हणून ते खुणांनी शिकवतात. कोपर उंच हवे असेल, तर स्वतःचे कोपर उचलून दाखवतात. चांगला शिक्षक एका वेळी एकच चूक सांगतो. पाच सांगितल्या, तर मूल पाचही विसरते.

शनिवारी सकाळी शर्यती होतात. कोणती शर्यत कोठे पोहायची, हे लहान मुलांच्या दंडावर शाईने लिहून ठेवतात. मुलांचे आईबापच घड्याळे धरतात आणि पंचही होतात. आठ वर्षांपर्यंतची मुले तलावाची एकच लांबी, म्हणजे बहुधा २५ मीटर, पोहतात. नियम मात्र त्यांनाही चुकत नाहीत. ब्रेस्टस्ट्रोक व बटरफ्लाय ह्या दोन प्रकारांत भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. एखादे मूल सर्वांच्या आधी येऊन पोहोचते, आनंदाच्या भरात एकाच हाताने भिंतीला शिवते आणि बाद ठरते. डोळ्यांत पाणी आणून ते गुरुजींकडे येते. पंचाशी हुज्जत घालावी, असे त्या तरुण गुरुजींच्या मनात येत नसेल असे नाही. पण पंचाने पाहिले ते खरेच असते. गुरुजी खाली बसतात, मुलाच्या डोळ्यांना डोळे भिडवून चूक कोणती ते सांगतात, आणि सोमवारी सकाळी त्या मुलाकडून दोन्ही हातांनी भिंतीला वीसदा शिवण्याचा सराव करून घेतात.

संघात शेवटच्या क्रमांकाने येणारी मुलेही असतातच. त्यांच्यासाठी गुरुजी निराळा हिशोब ठेवतात. गेल्या आठवड्यात ३१ सेकंद लागले होते, आज ३० लागले, असे त्यांनी यादीत पाहून सांगितले, की सहावा आलेला मुलगाही उडी मारतो. मेरिलँडमधील अशाच एका उन्हाळी संघात केटी लेडेकी वयाच्या सहाव्या वर्षी पोहू लागली. २०१२ साली लंडन येथे, अवघ्या पंधराव्या वर्षी, तिने ऑलिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवले. २०२४ पर्यंत तिच्या सुवर्णपदकांची संख्या ९ झाली. अशी मुलगी कोणा गुरुजींच्या वाट्याला कधी काळी येते. त्यांचा दिवस जातो तो तोंड पाण्यात घालायला भिणाऱ्या मुलांमागेच.

आणि त्यांच्यावरील खरी जोखीम शर्यतीची नसतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ ह्या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा होता. बुडणारा माणूस आरडाओरडा करतो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्याला ओरडता येत नाही. तोंड पाण्याच्या वर येते न येते तोच पुन्हा खाली जाते. श्वासच पुरत नाही, तेथे आवाज कोठून निघणार? पाच हातांवरच्या माणसालाही कळू नये, इतक्या निमूटपणे तो बुडतो. म्हणून जीवरक्षक नेमलेला असला, तरी गुरुजी बोलता बोलता सारखी डोकी मोजत असतात. बुडणाऱ्याच्या अंगावर आंधळेपणाने उडी घालू नये, हेही ते मोठ्या मुलांना शिकवतात, कारण तो वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो. काठी, दोर, पंचा, हाती लागेल ते त्याच्याकडे टाकावे आणि मोठ्याने हाका मारून मदत बोलवावी. आपल्या विहिरींच्या व ओढ्यांच्या काठीही हाच नियम लागू आहे.

ऑगस्टमध्ये गुरुजी आपापल्या महाविद्यालयांत परततात. काही वर्षांनी त्यांचे येणे थांबते. मग एखाद्या जूनच्या सकाळी, दंडावर शाईने आकडे मिरवणारे ते एके काळचे आठ वर्षांचे मूल गळ्यात शिट्टी अडकवून त्याच काठावर येऊन उभे राहते, आणि पहिल्या दिवशी मुलांना बुडबुडे काढायला सांगते.