सोयाबीन, जिवाणू आणि रक्तातला एक कमरपट्टा

धाराशिवच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबचा लिपिड प्रोफाइल रिपोर्ट बघा, त्यात एचडीएलची ओळ असतेच. लोक त्याला ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतात. खरं तर एचडीएल हा एक कण आहे आणि कोलेस्टेरॉल त्यातला प्रवासी. कण बांधून ठेवतं ते अपो ए-वन नावाचं प्रथिन. 243 अमिनो आम्लांची ही साखळी आपलं यकृत आणि लहान आतडं विणतं. तिच्या एका अंगाला पाणी मानवतं, दुसऱ्याला चरबी. म्हणून तेलकट कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीतून निघून यकृतापर्यंत पोहोचू शकतं.

हेच प्रथिन ई. कोलाय हा जिवाणू बनवून देतो. त्याला ना रक्त, ना यकृत, तरी माणसाचा डीएनए त्याला वाचता येतो, कारण जनुकांची लिपी दोघांचीही एकच! अडचण एवढीच, की आपल्या मूळ जनुकात मधेमधे तीन जादा तुकडे असतात आणि ते कापून काढायची सोय जिवाणूत नाही. यकृताच्या पेशी मात्र ते कापूनच आरएनए तयार ठेवतात. त्यावरून उलट डीएनए बनवायचा, हवा तेवढाच भाग प्लास्मिड या गोल डीएनएत बसवायचा आणि तो जिवाणूत घालायचा. मग 37 अंशांवर फ्लास्क हलत राहतो. द्रव गढूळला की जनुक चालू करणारं आयपीटीजी हे रसायन टाकायचं. तीनचार तासांत जेलवर 28 किलोडाल्टनच्या जागी जाड निळा पट्टा उमटतो. धाराशिवच्या विद्यापीठ उपपरिसरात जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांना असा पट्टा दिसल्याचा आनंद वेगळा सांगायला नको.

अनेक मानवी प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या लागतात आणि तिथे ई. कोलाय हात टेकतो. अपो ए-वनला त्यांची गरजच नाही. शुद्धीकरण मात्र घाम काढतं: जिवाणूच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन या प्रथिनाला चिकटून बसतं. चरबीशी जुळवून घेण्याचा त्याचा गुणच इथे आड येतो.

एवढा खटाटोप कशासाठी? इटलीतल्या लिमोने गावात काही कुटुंबांचं एचडीएल फार कमी, तरी धमन्या बऱ्यापैकी स्वच्छ आढळल्या. त्यांच्या अपो ए-वनच्या जनुकात एकच अक्षर बदललं होतं आणि 173व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन आलं होतं. 1980 साली हे ‘मिलानो’ रूप जगापुढे आलं. पण औषधासाठी मूठभर गावकऱ्यांचं रक्त किती काढणार? ते रूप जिवाणूंकडून बनवून घेतलं गेलं. 2003 साली छोट्या चाचणीत पाच साप्ताहिक डोसांनंतर धमन्यांतला थर सुमारे 4 टक्क्यांनी घटला. 2016च्या चाचणीत मात्र कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन घेणाऱ्यांना वेगळा फायदा दिसला नाही आणि औषध थांबलं.

तरी मला सगळ्यात थक्क करतं ते पुढचं. हे प्रथिन लेसिथिन या चरबीत नीट मिसळलं, की जेमतेम 10 नॅनोमीटरच्या चकत्या आपोआप तयार होतात: मध्ये चरबीचा दुहेरी थर, भोवती प्रथिनाचे दोन रेणू कमरपट्ट्यासारखे. एचडीएलच्या एका प्रायोगिक औषधात हे लेसिथिन सोयाबीनचं होतं, आपल्या जिल्ह्याच्या शिवारात पिकतं त्याच पिकाचं. अमेरिकेत स्टीफन स्लायगर यांनी या प्रथिनाची थोडी काटछाट करून त्याच्या चकत्या वेगळ्याच कामाला लावल्या. पेशीच्या पडद्यातली, एरवी पाण्यात गोळा होऊन बसणारी प्रथिनं त्यांत सुखरूप बसवून अभ्यासता येतात. तो काटछाट केलेला पट्टाही ई. कोलायच विणतो.