आजचा विजय की उद्याचा हक्क?

एकत्र कुटुंबाच्या कर्त्यापुढे आयुष्यात एकदा तरी असा प्रसंग येतो, की हाताशी आलेली निकड भागविण्यासाठी पुढच्या पिढीच्या वाट्याची जमीन विकावी किंवा न विकावी, याचा निर्णय त्यास करावा लागतो. विकली तर आजचे कार्य थाटाने पार पडते. परंतु ज्यांचा त्या जमिनीवर जन्मतःच हक्क, ती पोरे अजून पाळण्यात असतात आणि त्यांचे मत कोणी विचारीत नाही. आपल्या मिताक्षरा संप्रदायाच्या कायद्याने या प्रश्नाचा फार सूक्ष्म विचार केलेला आहे. कर्त्यास वडिलार्जित मिळकत विकण्याचा अधिकार आहे, पण तो अनिर्बंध नव्हे. कुटुंबाची खरी आवश्यकता असेल किंवा मिळकतीचे हित होत असेल, तरच तो चालतो. १८५६ साली प्रिव्ही कौन्सिलनेही अज्ञान वारसाची मिळकत सांभाळणाऱ्याचा अधिकार मर्यादितच आहे, असा निर्णय देऊन हे तत्त्व पक्के केले.

हाच प्रश्न निराळ्या वेषात अमेरिकेतील फुटबॉल संघांच्या चालकांपुढे दरसाल उभा राहतो. ज्या वाचकांची मुले-नातवंडे त्या देशात आहेत, त्यांच्या कानांवर त्याची चर्चा केव्हा ना केव्हा आली असेल. इतरांसाठी प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. तेथील फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात तो खेळ नव्हे. दोन्ही टोकांस निमुळता असलेला चेंडू हातात घेऊन पळावयाचे किंवा दूरच्या सोबत्याकडे फेकावयाचा, आणि प्रतिपक्षाने चेंडूवाल्यास धरून आडवा पाडावयाचा, असा तो धसमुसळा पण डावपेचांनी भरलेला खेळ आहे. त्याच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. कॉलेजांतून तयार झालेले तरुण खेळाडू या संघांनी वाटून घेण्यासाठी दरवर्षी एक निवडसभा भरते. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. तिच्या सात फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत, गेल्या हंगामात जो सर्वांत दुबळा ठरला त्यास पहिली पाळी, व जो अजिंक्य ठरला त्यास शेवटची, असा क्रम असतो. आपल्याकडील क्रिकेटच्या लिलावात पैशाची बोली चालते. येथे पाळी हेच धन. ही प्रथा १९३६ साली सुरू झाली. श्रीमंत संघ चांगले खेळाडू आधीच उचलून नेतात आणि गरीब संघ कायमचे गरीब राहतात, हे पाहून फिलाडेल्फिया संघाच्या बर्ट बेल यांनी ती सुचविली होती.

या पाळीच्या हक्काचे वैशिष्ट्य असे, की तो दुसऱ्यास देता येतो. यंदाचाच काय, पुढील वर्षांचाही! एखाद्या संघास आज नामांकित, अनुभवी खेळाडू हवा असेल, तर तो आपले पुढचे हक्क देऊन दुसऱ्या संघाकडून त्यास मिळवू शकतो. शिवाय हा हक्क केवळ गुणवान तरुणाचा नसून स्वस्त तरुणाचा आहे, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. प्रत्येक संघाने खेळाडूंच्या वेतनावर किती खर्च करावा याची मर्यादा १९९४ पासून घातलेली आहे, आणि २०११ च्या करारापासून नवोदितांचे पहिले वेतनही पाळीच्या क्रमाने जवळजवळ ठरूनच गेलेले असते. म्हणून तरुणांवर जो पैसा वाचतो, त्यातूनच मोठमोठ्या खेळाडूंचे वेतन देता येते. हक्क दिला म्हणजे एक तरुण गेला एवढेच नव्हे, तर घरातली काटकसरही गेली.

तरीही हक्क देणारा प्रत्येक चालक उधळ्या असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. या खेळात दुखापती फार. ऐन उमेदीचे दिवस थोडे. आज चार उत्तम खेळाडू एकत्र आले असतील, तर ते तीन वर्षांनी तसेच असतील याची शाश्वती नाही. उलट नवोदिताची निवड हाही एक जुगारच असतो. १९३६ च्या पहिल्या निवडसभेत सर्वांत आधी निवडला गेलेला जे बरवँगर हा व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. आणि २००० साली तब्बल १९९ व्या पाळीस निवडलेला टॉम ब्रेडी पुढे या खेळातील सर्वश्रेष्ठांत गणला गेला. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक २०१७ साली मिळविणारे रिचर्ड थेलर व त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी या निवडींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांस असे आढळले, की एकाच जागेवर खेळणाऱ्या दोन तरुणांपैकी आधी निवडलेला हा त्याच्या लगेच पाठोपाठ निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याचा संभव निम्म्याहून किंचितच अधिक असतो. तेव्हा हक्क हे सोन्याचे नाणे नसून पेरावयाचे बियाणे आहे. उगवेलच असे नाही, पण पेरलेच नाही तर मात्र काही उगवत नाही.

आता उदाहरणे पाहू. जॉर्ज ॲलन हे १९७१ साली वॉशिंग्टन संघाचे प्रशिक्षक झाले. भविष्यकाळ तो हाच, असा त्यांचा बाणा होता. त्यांनी निवडीचे हक्क भराभर देऊन मुरलेले, वयस्क खेळाडू जमा केले. लोक त्यांस थट्टेने ‘उतारवयाची टोळी’ म्हणू लागले. परंतु थट्टा लवकरच विरली. १९४५ नंतर ज्या संघाने बाद फेरीचे तोंड पाहिले नव्हते, तो पहिल्याच वर्षी तेथे पोचला, आणि १९७२ च्या हंगामात तर अंतिम सामन्यापर्यंत गेला. तो सामना मायामीने १४-७ असा जिंकला. ॲलन सात वर्षे राहिले व त्यांपैकी एकाही हंगामात त्यांच्या पराभवांची संख्या विजयांहून अधिक झाली नाही. पण अजिंक्यपद काही लाभले नाही. १९६८ नंतर पहिल्या फेरीत खेळाडू निवडण्याचा योग वॉशिंग्टनला आला तो १९८० साली, म्हणजे ॲलन निघून गेल्यावर. घर नेटके चालले, पण शेत पडीक राहिले.

याहून बोलके उदाहरण १९८९ चे आहे. मिनेसोटाचा संघ तेव्हा चांगला होता, आणि चेंडू घेऊन पळणारा एक जबरदस्त गडी मिळाला की अजिंक्यपद आपलेच, असे त्याच्या चालकांस वाटत होते. डॅलसपाशी हर्शल वॉकर नावाचा तसा गडी होता. बाकी संघ मात्र खिळखिळा. त्या वर्षी डॅलसने १६ सामन्यांपैकी केवळ १ जिंकला. डॅलसचे नवे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी विचार केला, की मोडक्या घरास एकच सुबक खांब असून काय उपयोग? १२ ऑक्टोबर १९८९ रोजी सौदा झाला. मिनेसोटाने पाच खेळाडू दिले व त्या प्रत्येकाशी निवडीचे हक्क जोडून दिले; तो खेळाडू डॅलसने सोडून दिला तर हक्क डॅलसचा. डॅलसला खेळाडूंचीच हाव असेल, असा मिनेसोटाचा समज होता. जॉन्सन यांची दृष्टी मात्र आरंभापासून हक्कांवर होती.

वॉकर पहिल्या सामन्यात १४८ यार्ड धावला आणि मिनेसोटात आनंदीआनंद झाला. त्या हंगामाच्या बाद फेरीत मात्र सॅन फ्रान्सिस्कोने मिनेसोटाचा ४१-१३ असा धुव्वा उडविला. पुढच्या वर्षी १६ पैकी १० सामने गेले. १९९१ च्या हंगामानंतर वॉकरही गेला. इकडे डॅलसने मिनेसोटाच्या १९९० ते १९९२ या तिन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीच्या हक्कांचा उपयोग करून घेतला. त्यांपैकी एकाच्या बळावर पुढे सरकून त्याने १९९० साली एमिट स्मिथ यास निवडले. चेंडू घेऊन धावण्यात हा स्मिथ पुढे सर्वांवर ताण करून गेला. १९९२, १९९३ व १९९५ या हंगामांचे अजिंक्यपद डॅलसने मिळविले.

ही कथा ऐकून कोणी म्हणेल, की मग हक्क कधी देऊच नयेत. पण थांबा. लॉस अँजेलिसच्या रॅम्स संघाने २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही. बहुतेक हक्क मोठ्या खेळाडूंसाठी देऊन टाकले होते. २०१९ साली त्याने जेलेन रॅम्झीसाठी पहिल्या फेरीचे दोन हक्क मोजले. २०२१ साली डेट्रॉइटच्या मॅथ्यू स्टॅफर्डसाठी पहिल्या फेरीचे आणखी दोन हक्क, तिसऱ्या फेरीचा एक हक्क आणि आपला जॅरेड गॉफ दिला. स्टॅफर्ड व गॉफ हे दोघेही क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारे व साऱ्या डावाची सूत्रे हलविणारे. स्टॅफर्डने डेट्रॉइटकडे बारा हंगाम काढले होते, पण बाद फेरीतील एकही सामना त्याच्या हातून जिंकला गेला नव्हता. १३ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच स्टॅफर्डने रॅम्सला अंतिम सामना २३-२० असा जिंकून दिला.

जाणकारांस ठाऊक आहे, की या विजयाचे सारे श्रेय विकत आणलेल्यांस नव्हते. निर्णायक चेंडू झेलणारा कूपर कप हा रॅम्सने स्वतःच २०१७ साली तिसऱ्या फेरीत निवडलेला. प्रतिपक्षाची शेवटची धडपड मोडून काढणारा ॲरन डोनाल्ड हा २०१४ सालची स्वतःची निवड. वरचे हक्क विकले तरी खालच्या फेऱ्यांतील बारीक बियाणे रॅम्सने निगुतीने पेरले होते. २०२३ साली पाचव्या फेरीत निवडलेल्या पुका नकुआने आपल्या पहिल्याच हंगामात १०५ चेंडू झेलून नवोदितांचा विक्रम केला, तोही याच सवयीचा परिणाम. म्हणजे मिनेसोटाने ‘एकच उणीव आहे’ असे मानले आणि ते चुकले. रॅम्सनेही तेच मानले आणि ते बरोबर निघाले, कारण घर खरोखरच उभे होते.

किंमत मात्र रॅम्सलाही चुकली नाही. अजिंक्यपदानंतरच्या हंगामात रॅम्सने १७ पैकी १२ सामने गमावले, आणि त्या दुर्दशेमुळे मिळावयाची २०२३ ची सहावी पाळी आधीच डेट्रॉइटच्या नावावर लागलेली होती. देताना ती शेवटच्या काही पाळ्यांपैकी असेल असे वाटले असणार. पुढचा हक्क देताना आपण त्याची किंमत आजच्या सुस्थितीवरून आकारतो, पण तो वसूल होतो उद्याच्या स्थितीवरून. या व्यवहारातील खरी मेख हीच आहे. डेन्व्हरने हे २०२२ साली अनुभविले. रसेल विल्सनसाठी पहिल्या फेरीचे दोन, दुसऱ्या फेरीचे दोन, पाचव्या फेरीचा एक असे हक्क आणि तीन खेळाडू देऊन त्याच्याशी मोठा करारही केला. त्या हंगामात १२ सामने गेले, पाचवी पाळी सिॲटलच्या पदरात पडली, आणि २०२४ साली विल्सनला सोडून द्यावे लागले. डेन्व्हरचे प्रशिक्षक तर तो पहिला हंगाम संपण्यापूर्वीच घरी गेले होते.

या शेवटच्या गोष्टीकडे मी वाचकांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो. संघ पिढ्यान्‌पिढ्या राहतो. प्रशिक्षक व व्यवस्थापक मात्र चार-दोन वर्षांचे धनी. यंदा हरलो तर नोकरी जाईल, अशी ज्यास भीती, त्यास तीन वर्षांनंतरच्या हक्काची माया ती किती असणार? यंदाच्या दुसऱ्या फेरीच्या हक्कासाठी पुढल्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क देण्याची जी चाल तेथे पडली आहे, ती एवढ्या एका वर्षासाठी सावकारालाही लाजविणारे व्याज देण्यासारखी आहे. ते व्याज फेडतो तो सही करणारा नव्हे, तर त्याच्या मागून येणारा. आणि सर्वांत अधिक फेडतात ते आजोबांपासून नातवापर्यंत एकाच संघाशी निष्ठा ठेवणारे प्रेक्षक.

म्हणून माझे मत असे, की मिताक्षरेची कसोटी येथेही लावावी. संघ स्वतःच्या निवडीवर उभा राहिलेला आहे, उणीव एकच व नेमकी आहे, येणारा गडी ती भरून काढण्याइतका खरोखर समर्थ आहे, आणि वरचा हक्क गेला तरी खालच्या फेऱ्यांतून माणूस पारखण्याची दृष्टी घरात आहे, अशा चारही गोष्टी जुळल्या तर हक्क खुशाल द्यावा, आणि पुढील पडत्या वर्षाबद्दल मग कुरकुर करू नये. यांपैकी एकही नसेल, तर जो विकण्यास बसला आहे तो कुटुंबाची आवश्यकता भागवीत नसून स्वतःची खुर्ची सावरीत आहे, असे समजावे. संघाच्या मालकाने अशा वेळी स्वतः कर्त्याच्या भूमिकेत उभे राहून ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य दाखविले पाहिजे.

डेट्रॉइटची हकीकत सांगावयाची राहिली. रॅम्सकडून मिळालेली सहावी पाळी त्याने ॲरिझोनाशी बदलून घेतली व त्या बदलीतून जमिर गिब्ज आणि सॅम लापोर्टा असे दोन तरुण मिळविले. सौद्यात जवळजवळ वर घातल्यासारखा आलेला गॉफ तेथे स्थिरावला. १४ जानेवारी २०२४ रोजी बाद फेरीत डेट्रॉइटच्या मैदानावर रॅम्स आले. एका बाजूस स्टॅफर्ड, दुसऱ्या बाजूस गॉफ. डेट्रॉइटने सामना २४-२३ असा जिंकला. बाद फेरीतील विजय त्या गावाने यापूर्वी पाहिला होता तो जानेवारी १९९२ मध्ये. ज्याने आज घेतले त्यास अजिंक्यपद मिळाले होते, आणि ज्याने उद्या घेतले त्यास बत्तीस वर्षांनी ही रात्र मिळाली. अंतर एका गुणाचे होते. दोघांपैकी कोणीही फसला, असे म्हणता येत नाही.