नाटक बसविणे आणि नाटक शिकणे

शाळेत नाटक असावे की नसावे, ह्याविषयी आपल्या पालकवर्गात दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो की, नाटकाने मुलांचा धीटपणा वाढतो, वाणी सुधारते आणि चार लोकांदेखत उभे राहण्याची सवय होते. दुसरा पक्ष म्हणतो की, तालमींच्या नादात गणिताची वही कोरी राहते आणि परीक्षा मात्र तोंडावर येऊन ठेपते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोघांच्याही डोळ्यांपुढे जे नाटक आहे, ते स्नेहसंमेलनाचे होय. शिक्षक छापील नाटक निवडतात, पात्रे नेमतात, कोठे उभे राहावयाचे आणि हात केव्हा उचलावयाचा हेही सांगतात. मुले भाषणे पाठ करतात आणि ठरल्या दिवशी पडदा वर जातो. ह्या खटाटोपात नाटक बसते खरे. पण मुले नाटक शिकतात काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो. त्याचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार करण्यास सांप्रत विशेष कारण आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून २०२३ साली शालेय शिक्षणाचा जो राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात चित्रकला, संगीत व नृत्य यांच्या जोडीस नाट्यकलेलाही कलाशिक्षणात स्थान दिलेले आहे. ‘प्रकल्प’ हा शब्द तर आता घरोघरी पोहोचला आहे. मात्र पुष्कळ घरी त्याचा अर्थ असा झाला आहे की, रात्री नऊ वाजता मुलाने आठवण करावी, वडिलांनी दुकानातून थर्माकोल व चकचकीत कागद आणावा, आईने जागून चिकटवावा आणि सकाळी मुलाने तो शाळेत नेऊन गुण घ्यावेत. ह्यात प्रकल्प कोणाचा झाला, हे सांगावयास नको.

वास्तविक ही कल्पना जुनी व गंभीर आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील अध्यापक विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी १९१८ साली ‘प्रकल्प पद्धती’ ह्या नावाचा एक निबंध लिहिला. त्यांनी दिलेले एक उदाहरण फार बोलके आहे. एक मुलगी स्वतःसाठी पोशाख शिवते. तो शिवण्याची इच्छा तिची स्वतःची असेल, बेत तिने आखला असेल आणि शिवणही तिनेच केले असेल, तर तो प्रकल्प; तोच पोशाख तिने नाखुशीने, केवळ सक्तीखातर शिवला, तर तो प्रकल्प नव्हे. म्हणजे भेद पोशाखात नाही. मनापासून धरलेल्या हेतूत आहे. अशा कार्याच्या चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या : हेतू, योजना, कृती आणि परीक्षण. मनातील एखादी कल्पना प्रत्यक्ष रूपास आणणे ह्या प्रकारात त्यांनी होडी बांधणे व पत्र लिहिणे यांच्याबरोबर नाटक करून दाखविणे हेही मोजले आहे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ही पद्धती हिंदुस्थानात यावयास फार काळ लागला नाही. पंजाबातील मोगा येथील मिशनच्या अध्यापक-शाळेत विल्यम मॅक्की यांनी १९२० नंतरच्या दशकात खेड्यातील मुलांच्या रोजच्या जीवनाभोवती धडे गुंफून तिचा प्रयोग केला आणि त्या शाळेचे नाव दूरवर झाले. पुढे १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसाय हाच शिक्षणाचा पाया असावा असा विचार मांडला. दोहोंचे मार्ग भिन्न असले, तरी हाताने व बुद्धीने एकदम काम केल्यावाचून ज्ञान अंगी मुरत नाही, ह्या मुद्द्यावर ते एकत्र येतात.

नाटक हे अशा शिक्षणाचे साधन होऊ शकते काय? ह्याचे उत्तर शोधण्यास आपल्या नगरपासूनच आरंभ करता येतो. येथे अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फेरार यांची मुलींची शाळा होती. ती पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले व १८४८ साली त्यांनी पुण्यास मुलींची शाळा काढली. त्याच जोतीरावांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. भोळ्या शेतकरी जोडप्याची ग्रहदशेच्या नावाने होणारी फसवणूक आणि शेवटी त्या दोघांनी धरलेली विद्येची वाट, हा त्याचा विषय. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही; तरी त्यापासून एक गोष्ट शिकता येते. ते नाटक भाषणांपासून निघाले नाही, प्रश्नापासून निघाले : हे लोक फसतात ते का, आणि त्यांनी फसू नये यास्तव काय करावे? ज्या नाटकाच्या मुळाशी करणाऱ्याचा स्वतःचा प्रश्न आहे, तेच शिक्षण होते.

आता एक उदाहरण घेऊन ह्या चारही पायऱ्या चढून पाहू. समजा, आपल्या शहरातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातील, एखाद्या नववीच्या वर्गाने चांदबिबीवर नाटक करावयाचे मनात आणले. छापील नाटक मिळेल, पोशाख भाड्याने मिळतील, आणि तलवार उपसून केलेल्या भाषणास टाळ्याही मिळतील. पण शिक्षकाने येथे थांबून वर्गास विचारावे, “तुम्हांस तिच्याविषयी काय जाणून घ्यावयाचे आहे?”

पहिली पायरी हेतूची. मुले इतिहास वाचू लागतात. १५९५ साली अकबराचा पुत्र मुराद व सेनापती खानखानान यांनी नगरच्या किल्ल्यास वेढा दिला. गादीचा वारस बहादूर हा लहान मूल. त्याच्या आजोबांची बहीण चांदबिबी हिने किल्ला लढविला. शत्रूने तटाखाली सुरुंग खणले. आतील लोकांनी काही शोधून निकामी केले, परंतु एक उडाला आणि तटास मोठे खिंडार पडले. ती स्वतः खिंडारात उभी राहिली आणि रातोरात ते बुजविण्यात आले. १५९६ च्या आरंभी तह झाला व त्यात वऱ्हाड प्रांत मोगलांस द्यावा लागला. पुढे १६०० साली दुसरा वेढा पडला असता, ही शत्रूशी संधान बांधते अशी आवई उठली आणि तिच्याच पक्षाच्या लोकांनी तिला ठार मारले. थोड्याच काळात किल्लाही गेला. हे वाचून एखादी मुलगी विचारील, “वऱ्हाड दिले ती हार म्हणावी की शहाणपण?” वर्गात दोन तट पडतील. असा वाद पेटला की समजावे, हेतू सापडला. कारण ह्या प्रश्नाचे तयार उत्तर पुस्तकात नाही व शिक्षकाच्या खिशातही नाही.

दुसरी पायरी योजनेची. कामे वाटावयाची, दिवस मोजावयाचे, आणि माहिती पारखून घ्यावयाची. पारखण्याचा धडा तर शहराबाहेरच्या डोंगरावरच उभा आहे. ज्या तीन मजली, अष्टकोनी इमारतीस सारे लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, तो महाल नव्हे व चांदबिबीचाही नव्हे. ती मूर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर होय. ज्या मुलांनी नेपथ्यात तो ‘महाल’ रंगविण्याचे ठरविले असेल, त्यांस हे कळताच पडदा बदलावा लागेल. पण तो बदलताना ती जे शिकतील, ते कोणत्याही स्वाध्यायाने साधणार नाही : सर्वांच्या तोंडी असलेली गोष्टही तपासून घ्यावी लागते. तोफगोळे संपल्यावर तिने तोफांत नाणी भरून डागली, ही कथाही अशीच. लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आहे. परंतु नगरात वाढलेला व पुढे विजापुरास गेलेला त्या काळचा इतिहासकार फेरिश्ता याचे लिखाण एका प्रकारचे आणि लोकांची आख्यायिका दुसऱ्या प्रकारची, हा भेद मुलांस कळला पाहिजे. आख्यायिका नाटकातून काढून टाकावी असे नव्हे. ती एखाद्या म्हातारीच्या तोंडी गोष्ट म्हणून घालावी. प्रत्यक्ष किल्ला पाहावयास जाणे झाल्यास आधी परवानगी व वेळा यांची चौकशी करावी. चांदबिबीचे वडील हुसेन निजामशहा यांनी जुन्या मातीच्या कोटाच्या जागी बांधविलेला तो दगडी तट व भोवतीचा खंदक पाहिल्यावर, खिंडार पडणे म्हणजे काय, हे मुलांस निराळे सांगावे लागणार नाही.

तिसरी पायरी कृतीची. येथे प्रत्येक अडचण हा एक धडा असतो. एवढा तट वर्गाच्या चिमुकल्या रंगमंचावर दाखवावयाचा कसा? दोन बाके, एक जाजम आणि त्यांमागे उभी असलेली मुले एवढ्याने तट होतो. मुले बाजूस सरली की खिंडार पडते. सुरुंगाचा आवाज मोठा असावा, की त्याआधीची शांतता मोठी असावी? रातोरात खिंडार बुजविणारे हात कोणाचे होते? गवंडी, मजूर, पाणी वाहणाऱ्या बाया यांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. तेव्हा हा प्रवेश मुलांनी स्वतः रचावयाचा. आधी तो तोंडी करून पाहावा, मग लिहावा, दुसऱ्या वर्गापुढे करून दाखवावा, जेथे पाहणारे जांभई देतील तेथे खूण करावी आणि पुन्हा लिहावा. ह्या प्रवेशामुळे आणखीही एक लाभ होतो. एरवी दोन पात्रे बोलतात आणि बाकीची भाले धरून उभी राहतात. येथे मात्र बहुतेकांस काही तरी बोलावयाचे व करावयाचे असते. कोणी संहिता राखतो, कोणी विंगेतून शब्द पुरवितो, कोणी दिवे सांभाळतो, कोणी खर्चाची पै न्‌ पै लिहून ठेवतो. जो मुलगा चारचौघांत बोलावयास बिचकतो, तोच कित्येकदा तालमीचे वेळापत्रक सर्वांत चोख ठेवतो, आणि मग त्याचा शब्द सारे ऐकतात.

चौथी पायरी परीक्षणाची. प्रयोग खऱ्या प्रेक्षकांपुढे व्हावा. कार्यक्रमपत्रिकेवर मुलांनी स्पष्ट लिहावे की, अमुक भाग इतिहास आहे, अमुक आख्यायिका आहे, आणि अमुक आमची कल्पना आहे. एवढ्या चार ओळी लिहिण्यास जो प्रामाणिकपणा लागतो, तो पुढे जन्मभर उपयोगी पडतो. पूर्वजांच्या नावाने वाटेल ते सांगितले जाते, तेव्हा तर फारच. खेळ संपल्यावर पाहणाऱ्यांनी प्रश्न विचारावेत व मुलांनी उत्तरे द्यावीत. गुण देताना केवळ टाळ्या मोजू नयेत. प्रत्येकाची रोजची नोंदवही पाहावी. काय ठरविले, काय फसले, काय बदलले व का, हे तीत असावे. गटाच्या गुणांबरोबर प्रत्येकाचे निराळे गुण असावेत. नाही तर दोघे राबतात आणि दहा जण त्यांच्या कष्टावर उत्तीर्ण होतात.

ह्या पद्धतीत दोष नाहीत असे नाही. तिला वेळ फार लागतो. म्हणून वर्षात असा एकच प्रकल्प घ्यावा आणि तो भाषा व इतिहास यांच्या तासांशी जोडावा, म्हणजे ते तास बुडाले असे होणार नाही. दुसरे असे की, सर्व काही प्रकल्पानेच येते ही समजूत खरी नव्हे. स्पष्ट उच्चार, श्वासावर ताबा, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज, ह्या गोष्टी रोजच्या घोटून केलेल्या सरावानेच येतात. किलपॅट्रिक यांनीही कौशल्य मिळविण्याच्या हेतूस आपल्या प्रकारांत स्थान दिलेले आहे. फरक इतकाच की, “माझे वाक्य मागे ऐकू गेले नाही,” हे ज्या मुलीस स्वतः जाणवले, ती सराव आपण होऊन मागते. तिसरे, मुलांवर सोपविले म्हणजे शिक्षकास विश्रांती मिळाली, असे कोणी समजू नये. उत्तर सांगणे सोपे असते. योग्य वेळी योग्य प्रश्न विचारून गप्प राहणे कठीण असते.

पालकांस एवढीच विनंती आहे की, घरी नाटकाचे काम आले तर दुकानात धाव घेऊ नये. जुने लुगडे, रिकामी खोकी, आजीस ठाऊक असलेली गोष्ट, एवढे पुरवावे. शिवणे, रंगविणे व लिहिणे मुलांस करू द्यावे. वेडेवाकडे झाले तरी चालेल. अभ्यासाचे तास ठरवून द्यावेत आणि ते पाळले जातात की नाही हे मात्र पाहावे. विद्यार्थिमित्रांनीही ध्यानात ठेवावे की, मुख्य भूमिका मिळाली नाही म्हणून रुसून बसणारास नाटकाचा पहिला धडाच समजला नाही. तटाचा एक दगड निखळला तरी खिंडार पडतेच.

प्रयोगानंतर मुलगा घरी आला म्हणजे “टाळ्या किती पडल्या?” असे विचारण्याऐवजी, “तुझे मत शेवटी काय ठरले, आणि ते कशावरून?” असे विचारून पाहावे. तो कारणे देऊन बोलू लागला, मध्येच अडखळून “ह्याची मात्र खात्री नाही,” असे म्हणाला, तर खुशाल समजावे की तालमींचे ते तास अभ्यासातच गेले.