ऑर्डर आली, पैसे आले का?

नोव्हेंबर २००५ मध्ये गूगलनं ‘ॲनालिटिक्स’ फुकट द्यायला सुरुवात केली, तेव्हा एवढी झुंबड उडाली की काही दिवसांतच नवी नोंदणी थांबवावी लागली. त्याच वर्षी गूगलनं अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली होती. जाहिरातीच्या लिंकला आजही ‘यूटीएम’ची शेपटी जोडतात, तिच्यातला ‘यू’ या अर्चिनचाच. त्याआधी बहुतेक छोट्या वेबसाइटींचं मोजमाप म्हणजे पानाच्या तळाशी वाढत जाणारा एक आकडा असायचा. मालक स्वतःच दिवसातून दहादा पान उघडायचा आणि आकडा वाढला म्हणून खूश व्हायचा.

कोल्हापुरात चप्पल लाइनीतल्या किंवा गुजरीतल्या दुकानदाराला तेव्हा वेबसाइट म्हणजे फार तर छापील कार्डाची जोड होती. विक्री गल्ल्यावर व्हायची. रात्री रोजमेळ लिहायचा आणि रोकड वहीशी जुळल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, ही पेढीची शिस्त होती. पुढच्या वीस वर्षांत पायताण, साज, कांदा-लसूण मसाला, गूळ असं सगळं मोबाइलवरून विकलं जाऊ लागलं. माल नव्या वाटेनं गेला, पण रोजमेळाची शिस्त मात्र मागेच राहिली.

पहिली फारकत २०१० च्या सुमाराला झाली. फ्लिपकार्टनं त्या वर्षी माल हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय आणली आणि ‘सीओडी’ घरोघरी पोचलं. दुकानात गिऱ्हाईक पैसे देतं आणि माल उचलतं, दोन्ही एकाच क्षणी. सीओडीत या दोन गोष्टींमध्ये चार-पाच दिवस आणि एक कुरियरवाला येऊन बसला. तेवढ्यात गिऱ्हाइकाचं मन बदलतं, घराला कुलूप असतं, नाहीतर घरातलं कुणीतरी पार्सल नाकारतं. पायताणाला तर आणखी एक अडचण. हाती बनवलेल्या कोल्हापुरीचं माप कारागिरागणिक थोडं इकडेतिकडे होतं आणि नवी चप्पल पायाला आवळच बसते, वापरून ती सैल होते. हे इथल्या माणसाला ठाऊक असतं, दिल्लीच्या गिऱ्हाइकाला नसतं. ते ‘लहान झाली’ म्हणून परत धाडतं. दोन्ही बाजूंचा वाहतूक खर्च विकणाऱ्याच्या अंगावर पडतो.

संगणकाच्या हिशेबात मात्र ही विक्री केव्हाच झालेली असते. ‘धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली’ हे पान उघडलं की कन्व्हर्जन, म्हणजे विक्री झाली, असं धरायचं, अशी बहुतेकांची मांडणी होती आणि अजूनही आहे. ऑर्डर क्रमांक जोडलेला नसेल तर तेच पान दोनदा उघडल्यावर विक्रीही दोनदा मोजली जाते. परत आलेल्या पार्सलाची खबर त्या मोजणीपर्यंत कधी पोचतच नाही.

२०१६ मध्ये चूक दुसऱ्या बाजूनंही होऊ लागली. एप्रिलात यूपीआय आलं, सप्टेंबरात जिओ, नोव्हेंबरात नोटाबंदी. पैसे देण्यासाठी गिऱ्हाईक वेबसाइटवरून दुसऱ्या ॲपमध्ये जाऊ लागलं. तिथे पैसे भरून अनेकजण परत येतच नाहीत. अशा वेळी बँकेत पैसे जमा, पण ‘धन्यवाद’चं पान उघडलंच नाही, म्हणून विक्री शून्य. न झालेली विक्री मोजली जाते आणि झालेली सुटते. या दोन चुका एकमेकींना झाकतात, म्हणून महिन्याची बेरीज बऱ्याचदा पटण्याजोगी दिसते. आकडा साफ चुकलेला असता तर लक्षात तरी आला असता.

त्याच वर्षी सप्टेंबरात फेसबुकनं कबूल केलं, की व्हिडिओ लोक सरासरी किती वेळ पाहतात हा आकडा आपण दोन वर्षं ६० ते ८० टक्के फुगवून दाखवत होतो. तीन सेकंदांच्या आत पुढे सरकणारे प्रेक्षक सरासरीत धरलेच नव्हते. याचा अर्थ कोल्हापूरकराला समजावून सांगावा लागू नये. उसाच्या पट्ट्यात काटामारीवरून वर्षानुवर्षं आंदोलनं झाली ती याच कारणानं, की ऊस घेणाऱ्याच्याच काट्यावर ऊस तोलायचा. निदान तिथे हंगामात भरारी पथकं काटे तपासत फिरतात. ऑनलाइन जाहिरातीच्या बाजारात जाहिरात विकणारा आणि तिचा परिणाम तोलणारा एकच, आणि पथक नाही.

जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आलं आणि घरातून धंदा करणाऱ्या कितीतरी बायकांना दुकान मिळालं. वेबसाइट नको, कार्ट नको. इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचा, जाहिरातीवर बोट ठेवलं की थेट गप्पा सुरू. पण इथे मोजणी आणखी अलीकडे सरकली. ‘रेट काय?’ एवढं विचारून गप्प झालेला माणूसही जाहिरातीच्या अहवालात ‘निष्पत्ती’ म्हणून जमा होतो. घासाघीस, मापं, पत्ता, पैसे हे सगळं पुढच्या संभाषणात घडतं आणि ते फक्त विकणारीला ठाऊक असतं. तिनं ते वहीत उतरवलं नाही, तर ते कुठेच राहत नाही.

२०१९ हे वर्ष कोल्हापूरला चांगल्या-वाईट दोन्ही अर्थांनी लक्षात राहणारं. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. त्याच वर्षी ऑगस्टात पंचगंगेनं शहर वेढलं आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद राहिला. पुढच्या मार्चात टाळेबंदी, जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर. ‘गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा इतके टक्के वाढ’ हे वाक्य या काळात निरर्थक झालं, कारण गेल्या वर्षीचा तो महिना कुठल्याच अर्थानं नेहमीचा नव्हता. ज्यांनी आकड्याशेजारी ‘रस्ता बंद होता’ एवढी टीप लिहून ठेवली, त्यांनाच पुढे तो आकडा वाचता आला.

एप्रिल २०२१ मध्ये ॲपलनं आयफोनवरच्या प्रत्येक ॲपला सक्ती केली, की माग काढण्याआधी माणसाला विचारा. बहुतेकांनी ‘नको’ म्हटलं. यामुळे २०२२ मध्ये आपला सुमारे १० अब्ज डॉलरचा महसूल बुडेल, असा अंदाज फेसबुकची मालक कंपनी मेटानं दिला. भारतात आयफोन थोडे, पण अमेरिकेतल्या मराठी घरांत साज आणि पायताणं पाठवणाऱ्यांचं गिऱ्हाईक नेमकं तेच. विक्री होत राहिली, ती कुठल्या जाहिरातीनं झाली हे दिसेनासं झालं. मग प्रत्यक्ष माहितीच्या जागी अंदाज आले. जुलै २०२३ मध्ये जुनं ॲनालिटिक्स बंद झालं आणि जीए-४ ही नवी आवृत्ती सक्तीची झाली, त्यातही रिकाम्या जागा गणिती अंदाजानं भरण्याची सोय आहे. वर्षभरानं जुन्या आवृत्तीतला साठाही पुसला गेला. ज्यांनी तो वेळेत उतरवून घेतला नाही, त्यांचा महापूर आणि टाळेबंदीतला हिशेब कायमचा गेला. फुकट मिळालेली वही आपल्या मालकीची नव्हती, हे तेव्हा उमगलं.

जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडानं कोल्हापुरीसारखी पायताणं दाखवली, तीही उगमाचा उल्लेख न करता. गदारोळ झाला, कंपनीचे लोक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले, आणि डिसेंबरात महाराष्ट्राच्या लिडकॉम व कर्नाटकच्या लिडकर या महामंडळांशी करार झाला. मोजमापाच्या दृष्टीनं हा प्रसंग बोलका आहे. बातमी वाचून एखाद्यानं मोबाइलवर ‘कोल्हापुरी चप्पल’ शोधलं, वर दिसलेल्या जाहिरातीवर बोट ठेवलं आणि जोड घेतला, तर श्रेय कुणाचं? अहवाल म्हणेल, जाहिरातीचं. शिवाय तीच ऑर्डर गूगलही आपली म्हणेल आणि आदल्या दिवशी फोटो दाखवला म्हणून मेटाही.

ईबेनं २०१२ च्या सुमारास या प्रश्नाचा तुकडा पाडून पाहिला होता. स्वतःच्या नावाच्या शोधावर दिल्या जाणाऱ्या जाहिराती बंद केल्या, तर त्यातून येणाऱ्या गर्दीपैकी ९९.५ टक्के लोक फुकटच्या दुव्यावरून आलेच. येणारच होती ती माणसं पैसे मोजून आणली जात होती. छोट्या दुकानाचं नाव ईबेइतकं मोठं नसतं, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. रीत मात्र उचलता येते. एक महिना नाशिकला जाहिरात चालू, नागपूरला बंद. पुढच्या महिन्यात उलट. मग दोन्हीकडच्या पोचलेल्या मालाचा फरक पाहायचा. त्याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

या वीस वर्षांत मोजण्याची साधनं चार वेळा बदलली. वैयक्तिक माहितीच्या कायद्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, म्हणजे गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय त्याची माहिती गोळा करण्याचे दिवस सरत आले. दर बदलानंतर ज्यांचा हिशेब शाबूत राहिला, त्यांनी एक काम सोडलं नव्हतं: ऑर्डर किती आल्या, माल किती पोचला, परत किती आला, बँकेत किती पडले, हे चार रकाने ऑर्डर क्रमांकासह ते स्वतः भरत राहिले. जाहिरातीच्या अहवालातला आकडा त्यांनी पाचव्या रकान्यात लिहिला, आणि जाहिरातीचं पुढचं बजेट चौथ्या रकान्यावरून ठरवलं.