धामापूर ते रांगणा : डोंगर पाऊस कसा वाढवतो?

समजा, जुलै महिन्यातला शनिवार आहे. मालवण तालुक्यातील धामापूर गावच्या वीस-पंचवीस विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांबरोबर रविवारी रांगणा किल्ल्यावर जायचा बेत ठरवला आहे. रांगण्याला प्रसिद्धगड असेही नाव आहे. किल्ला कोल्हापूर जिल्ह्याच्या हद्दीत, सह्याद्रीच्या धारेवर सातशे मीटरांच्या घरात उभा आहे. पण कोकणातून त्याची वाट कुडाळ तालुक्यातील नारूर गावावरून, दाट जंगलातून चढते. धामापूरपासून हा माथा सरळ रेषेत तीसेक किलोमीटरच असेल.

सकाळी निघताना धामापूरच्या तलावावर पावसाची एखादी सर येते आणि जाते. नारूरला पोचेपर्यंत ढग खाली उतरल्यासारखे वाटतात. अर्धी चढण होते तोच आपण धुक्यात शिरतो आणि माथ्यावर तर पाऊस थांबायचे नावच घेत नाही! वारा तोच, दिवस तोच. मग तीस किलोमीटरांत एवढा फरक का? आकडेही हेच सांगतात. मालवणच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी साधारण २ ते ३ मीटर पाऊस पडतो. याच जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर असलेल्या आंबोलीला तो सुमारे ७ मीटर पडतो. आणि माथा ओलांडून पलीकडे कोल्हापूर शहरात गेलो, तर तो १ मीटरच्या आसपास येतो.

या कोड्याचे उत्तर माहीत असणे केवळ परीक्षेपुरते उपयोगाचे नाही. पावसाळ्यात डोंगरावर गेलेल्या माणसाचा जीव कधी कधी त्यावर अवलंबून असतो. कसा, ते पुढे पाहू.

हवा वर चढली की थंड का होते?

अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे भरपूर बाष्प घेऊन किनाऱ्यावर येतात. त्यांच्या वाटेत सह्याद्रीची भिंत आडवी येते. हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो. दर आठ-नऊ मीटर चढल्यावर तो सुमारे १ मिलिबारने उतरतो. म्हणजे सातशे मीटरांवर दाब किनाऱ्यापेक्षा ७ ते ८ टक्क्यांनी कमी असतो.

दाब कमी झाला की हवा प्रसरण पावते. प्रसरणासाठी तिला काम करावे लागते आणि त्या कामाची ऊर्जा ती स्वतःच्या उष्णतेतून खर्च करते. म्हणून ती थंड होते. सायकलच्या चाकातली हवा एकदम सोडून पाहा; बाहेर येणारी हवा बोटाला गार लागते. ढग तयार होण्यापूर्वी वर चढणारी हवा दर १०० मीटरला सुमारे १ अंश सेल्सिअसने थंड होते.

दाबातला हा फरक सहलीत सहज मोजता येतो. एक लिटरची रिकामी, कोरडी बाटली माथ्यावर काही वेळ उघडी ठेवा आणि तेथेच तिचे बूच घट्ट लावा. धामापूरला परत आल्यावर ती थोडा वेळ तशीच ठेवून मग पाण्याने भरलेल्या बादलीत उलटी बुडवा आणि पाण्याखालीच बूच काढा. पाणी आत घुसेल. बाटलीतले आणि बादलीतले पाणी एका पातळीत आणून बूच लावा व आत आलेले पाणी मोजा. ते सुमारे ६५ मिलिलिटर भरले, तर आपण सातशे मीटरांच्या आसपास चढलो होतो असे समजावे.

ढग कुठे सुरू होईल?

हवेत बाष्प किती मावेल याला मर्यादा असते, आणि ही मर्यादा तापमानाबरोबर बदलते. ३० अंशाला एका घनमीटरात सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, तर २० अंशाला सुमारे १७ ग्रॅमच. ज्या तापमानाला हवेतले बाष्प काठोकाठ भरते, त्याला दवबिंदू म्हणतात. हवा त्याहून थंड झाली की जादा बाष्पाचे सूक्ष्म जलबिंदू बनू लागतात, तोच ढग.

दवबिंदू शाळेत काढता येतो. स्टीलच्या पेल्यात साधे पाणी घ्या. त्यात बर्फाचे लहान लहान तुकडे टाकत हळूहळू ढवळा आणि प्रयोगशाळेतला तापमापक आत धरा. पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर प्रथम वाफ धरेल, त्या क्षणीचे तापमान म्हणजे दवबिंदू. खोलीतल्या हवेचे तापमानही लिहून ठेवा.

आता एक सोपा हिशेब. हवा वर जाताना तिचे तापमान दर १०० मीटरला १ अंश उतरते. पण दाब घटल्यामुळे दवबिंदूही सुमारे ०.२ अंशाने उतरतो. म्हणजे दोहोंतले अंतर १०० मीटरमागे ०.८ अंशाने कमी होते. म्हणून तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या दर अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर उंच असतो. धामापूरला हवा २८ अंश आणि दवबिंदू २५.५ अंश मिळाला, तर ढगाचा तळ २.५ × १२५, म्हणजे सुमारे ३१० मीटरांवर. सातशे मीटरांच्या चढणीवर अर्ध्याच्या आधीच आपण धुक्यात का शिरलो, ते आता कळले ना? ते धुके म्हणजे खालून दिसणारा ढगच होता.

एका ग्रॅमची करामत

ढगाच्या तळानंतर हवेचे थंड होणे मंदावते. बाष्पाचे पाणी होताना १ ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता बाहेर पडते आणि ती हवेला मिळते. त्यामुळे आपल्या दमट हवेत तापमान दर १०० मीटरला ०.४ अंशाच्या आसपासच उतरते. हिशेब केला, तर माथ्यापर्यंत येताना एका घनमीटर हवेतून जेमतेम १ ग्रॅम पाणी वेगळे होते. चमचाभरसुद्धा नाही!

पण वारा थांबत नाही. समजा, एक किलोमीटर जाडीचा हवेचा थर सेकंदाला १० मीटर वेगाने डोंगरावर येतो आहे. डोंगराच्या दर एक मीटर रुंदीवर सेकंदाला १०,००० घनमीटर हवा येईल आणि १०,००० ग्रॅम, म्हणजे १० किलो पाणी टाकील. तासाभरात हे पाणी ३६,००० किलो झाले. ते १० किलोमीटर लांबीच्या उतारावर पसरले, तर दर चौरस मीटरवर ३.६ किलो, म्हणजेच ३.६ मिलिमीटर पाऊस. असे दिवसभर चालले, तर ८६ मिलिमीटर! भारतीय हवामान विभाग एका दिवसातल्या ६४.५ मिलिमीटरपासूनच्या पावसाला ‘जोरदार पाऊस’ म्हणतो. किनाऱ्यावर समुद्रावरचे ढग पाऊस देतातच. डोंगर त्यात अशी स्वतःची भर घालतो. प्रत्यक्षात सगळे जलबिंदू पाऊस होऊन पडत नाहीत, काही वाऱ्याबरोबर पलीकडे जातात. उलट डोंगरावरची हवा माथ्याच्याही बरीच वर उचलली जाते. तरी एवढ्या हिशेबाने मुख्य गोष्ट ध्यानात येते.

माथा ओलांडलेली हवा खाली उतरते, दाबली जाते, तापते आणि ढग विरू लागतात. म्हणून पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होतो. त्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. माथ्यावर उभे राहून आणखी एक गंमत अनुभवावी. धारेच्या पश्चिमेला पडलेला थेंब कोकणातून थोड्याच दिवसांत अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला, पाटगावच्या बाजूला पडलेला थेंब वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा असा प्रवास करत थेट बंगालच्या उपसागराला जातो.

खाली ऊन, व्हाळाला पूर

आता सुरुवातीला सांगितलेल्या धोक्याकडे वळू. डोंगर स्वतःच पाऊस वाढवतो, याचा अर्थ असा की आपण उभे आहोत तेथला पाऊस पाहून वरच्या पावसाचा अंदाज करता येत नाही. पायथ्याशी उघडीप असेल आणि त्याच वेळी माथ्यावर कोसळत असेल.

कोकणात ओढ्याला व्हाळ म्हणतात. एखाद्या व्हाळाला फक्त एक चौरस किलोमीटर उताराचे पाणी मिळते असे धरा. वर तासाभरात ५ सेंटिमीटर पाऊस झाला, तर ५०,००० घनमीटर पाणी पडले. त्यातले निम्मे तासाभरात वाहून आले, तरी व्हाळातून सेकंदाला सुमारे ७,००० लिटर पाणी धावू लागेल. सेकंदाला २ मीटर वेगाने ते दोन किलोमीटर अंतर सुमारे सतरा मिनिटांत कापील. सकाळी घोटाभर पाण्यातून हसतखेळत ओलांडलेला व्हाळ परतताना अडवून उभा राहतो, तो असा.

गुडघाभर पाणीच तर आहे, असे कोणी म्हणेल. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे विसरू नये. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या दोन पायांवर सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी सुमारे साडेसात किलो वजनाइतका जोर लावते. वेग २ मीटर झाला की हा जोर ३० किलोंवर जातो आणि ३ मीटरला तो ६५ किलोंच्या पुढे. पायाखाली शेवाळलेला दगड असेल, तर नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी त्यापुढे टिकणार नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते प्रवाहात उभे असतानाच पाणी वाढले होते.

म्हणून काही गोष्टी पक्क्या ठरवाव्यात. निघण्यापूर्वी हवामान विभागाचा इशारा पाहावा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा. वाटेसाठी गावातला माहीतगार माणूस बरोबर घ्यावा आणि वन विभागाची परवानगी लागते का, ते आधी विचारावे. व्हाळ ओलांडताना पाण्याच्या कडेला एका दगडावर खूण करावी. खूण बुडू लागली, पाणी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली किंवा पाण्याचा आवाज बदलला, तर पात्रातून ताबडतोब बाहेर पडून उंचावर जावे. वाढलेला व्हाळ ओलांडू नये. थांबावे. पाऊस ओसरला की असे लहान व्हाळ काही तासांत उतरतात.

जंगल काय करते?

पाचपन्नास वर्षे उभ्या असलेल्या जंगलातून चालताना पाऊस अंगावर थेट पडत नाही, पानांवरून ठिबकतो. पायाखाली कुजलेल्या पानांचा मऊ थर असतो आणि मुळांनी माती भुसभुशीत केलेली असते. या थरात बरेच पाणी मुरते आणि हळूहळू झऱ्यांना मिळते. उघड्या उतारावर तेच पाणी माती घेऊन धावत सुटते. मात्र दिवसेंदिवस पाऊस पडून जमीन भिजून गच्च झाली की जंगलातही नवे पाणी फारसे मुरत नाही. तेव्हा झाडी आहे म्हणून पूर येणार नाही, असे मानणे चूक ठरेल. जळवा मात्र याच ओलाव्यात सुखाने राहतात. त्या चावल्या तर घाबरू नये. त्यांच्या लाळेतल्या द्रव्यामुळे रक्त लवकर गोठत नाही, म्हणून जखमेच्या मानाने ते जास्त वाहते, एवढेच.

जंगलाच्या या कामाची साक्ष धामापूरलाच आहे. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये बांधलेला धामापूरचा तलाव झाडीने भरलेल्या टेकड्यांच्या मधोमध आहे. जवळजवळ पाचशे वर्षे तो पाणी देतो आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली. भोवतीच्या टेकड्या उघड्या पडल्या, तर त्यांची माती तलावातच येऊन बसेल.

तुम्हीही करून पाहा

सरळ बाजूंचे, एकसारखे तीन डबे घ्या. एक धामापूरला, एक नारूरला आणि एक शक्य तितक्या उंचावर, झाडांपासून दूर मोकळ्या जागी ठेवा. तिन्ही ठिकाणी एकाच वेळी, ठरलेले दोन तास पाऊस साठवा आणि पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. एका दिवसाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नका; असे चार-पाच रविवार मोजा. गावातच थांबलेले विद्यार्थीही अशा रीतीने सहलीत सहभागी होतील.

आणि एखाद्या रविवारी व्हाळाने वाट अडवली, माथा गाठता आला नाही, तर हिरमुसू नका. किती वाजता पाणी वाढले, खूण किती वेळात बुडाली आणि त्या वेळी खाली पाऊस होता की नव्हता, हे वहीत लिहा आणि मागे फिरा. डोंगराने पाऊस वाढवला, याची तीही एक नोंदच आहे.